पडलेले स्वप्न आणि पाहिलेले स्वप्न : डिजिटल तंत्रज्ञान, सवय आणि दोन चित्रपट

मराठीत स्वप्न पडते. झोप लागते, जाग येते, भास होतो. रात्रीशी निगडित असलेल्या या सर्व क्रियापदांत माणूस कर्त्याच्या जागी नसतो. 'मला स्वप्न पडले' या वाक्यात तो चतुर्थी विभक्तीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी उभा असतो. ऊन पडावे, पाऊस पडावा, तसे स्वप्न त्याच्यावर पडते. याउलट 'स्वप्न पाहणे' हा प्रयोग मराठीने प्रामुख्याने जागेपणीच्या आकांक्षेसाठी राखून ठेवला आहे : घराचे स्वप्न, नोकरीचे स्वप्न, मुलाला परदेशी पाठवण्याचे स्वप्न. पहिल्यात माणसाचा काही इलाज चालत नाही, दुसऱ्यात त्याची इच्छा आणि मेहनत गृहीत धरलेली असते. भाषेने घातलेली ही सीमारेषा बरीच जुनी आहे व व्यवहारात ती सहसा ओलांडली जात नाही.

डिजिटल तंत्रज्ञान आणि स्वप्न यांच्या संबंधाची चर्चा होते तेव्हा बहुधा आशयाचा प्रश्न विचारला जातो. स्वप्नात मोबाइल दिसतो काय, संगणकाचा पडदा दिसतो काय, खेळातील पात्रे दिसतात काय, अशा स्वरूपाचा हा प्रश्न असतो. तो निरर्थक नाही. मात्र त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन झालेले आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्नावस्थेविषयी सांगताना म्हणतो की, तेथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. तरीही तो पुरुष रथ, घोडे आणि रस्ते निर्माण करतो. त्या काळी रथ हे अत्यंत प्रगत यंत्र होते हे ध्यानात घेतले, तर यंत्राने स्वप्नात शिरणे ही काही एकविसाव्या शतकाची नवलाई ठरत नाही. ज्या काळाचे जे वाहन, ते त्या काळाच्या स्वप्नात धावतेच. खरा बदल स्वप्नाच्या व्याकरणात घडतो आहे. जे पडत होते ते पाहिले जाऊ लागले आहे, नोंदवले जाऊ लागले आहे आणि आता दुसऱ्या कोणी पेरण्याच्याही बेतात आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार विम वेंडर्स यांचा 'अन्टिल द एन्ड ऑफ द वर्ल्ड' (1991) आणि सातोशी कोन यांचा 'पॅप्रिका' (2006) या दोन चित्रपटांच्या आधारे केला आहे. तत्पूर्वी प्रयोगशाळेतील आणि रोजच्या व्यवहारातील काही दाखले पाहणे अगत्याचे ठरते.

स्वप्नाचा रंग

1942 मध्ये अमेरिकेतील मिडलटन या संशोधकाने 277 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वप्नात रंग दिसतात काय, असे विचारले. सुमारे 71 टक्के विद्यार्थ्यांनी 'क्वचित' किंवा 'कधीच नाही' असे उत्तर दिले. सुमारे साठ वर्षांनंतर एरिक श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञाने तीच प्रश्नावली कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तेव्हा असे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 18 टक्क्यांवर आलेले आढळले. या साठ वर्षांत माणसाच्या डोळ्यांत किंवा मेंदूत काही बदल झालेला नव्हता. बदलला होता तो पडदा. कृष्णधवल चित्रपट आणि कृष्णधवल दूरचित्रवाणी मागे पडून रंगीत पडदा घरोघरी आला होता. पुढे 2008 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात इव्हा मुर्झिन यांनी केलेल्या अभ्यासातही, ज्यांचे बालपण कृष्णधवल पडद्यासमोर गेले त्या वयस्कांमध्ये राखाडी स्वप्ने सांगण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक दिसून आले.

या आकड्यांवरून निघणारा सरळ निष्कर्ष असा की, पडद्याने स्वप्नाचा रंग बदलला. श्विट्झगेबेल यांची भूमिका अधिक सावध आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारी आहे. त्यांच्या मते कदाचित स्वप्ने बदललीच नसतील, बदलली असेल ती स्वप्नाविषयीची आपली समजूत. स्वप्न हे चित्रपटासारखे असते असे एकदा मनाने धरले की, चित्रपट कृष्णधवल असेपर्यंत स्वप्नही कृष्णधवल वाटत राहते. म्हणजे माणूस सकाळी उठून जे सांगतो, ते पाहिलेले नसून मानलेले असू शकते. स्वतःच्या मनात रात्री काय चालले होते याबाबत माणूस स्वतःही विश्वासार्ह साक्षीदार नसतो, ही गोष्ट मानसशास्त्राच्या अभ्यासकाइतकीच साहित्याच्या अभ्यासकालाही गंभीरपणे घ्यावी लागेल. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले. या दहा वर्षांत शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसून 'छायागीत' पाहिलेल्या मराठी पिढीला हा रंगाचा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मराठी भाषेतही पडद्याचा हा शिरकाव दिसतो. 'सारा जीवनपट डोळ्यांपुढून सरकला' हे वाक्य कथा-कादंबऱ्यांतून इतके रुळले आहे की त्यातील सिनेमा आता जाणवत नाही. पट म्हणजे वस्त्र हा मूळ अर्थ मागे राहिला आणि सरकणारे रीळ पुढे आले. अलीकडे याच जागेवर 'डोक्यात सेव्ह झाले', 'मेंदू हँग झाला', 'चार दिवस गावी जाऊन रिचार्ज झालो' असे प्रयोग येऊन बसले आहेत. 1990 नंतरच्या मराठी कवितेने, विशेषतः 'शब्दवेध', 'अभिधानंतर' आणि 'सौष्ठव' या नियतकालिकांभोवती जमलेल्या कवींनी, अशी शब्दकळा कवितेत आणण्याचे धाडस केले तेव्हा त्यावर परकेपणाचा आक्षेप घेतला गेला. आक्षेप घेणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र तोवर ही शब्दकळा शिरलेली होती.

हाताची सवय

अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्को येथे 'टेट्रिस' हा संगणकीय खेळ तयार केला. वरून पडणारे ठोकळे फिरवून खाली नीट रचायचे, एवढाच हा खेळ. हार्वर्ड येथील निद्रासंशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 27 जणांना तीन दिवसांत मिळून सात तास हा खेळ खेळावयास लावले आणि झोप लागतानाच्या क्षणी त्यांच्या मनात काय येते याची नोंद केली. हे संशोधन 2000 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक जणांनी मिटल्या डोळ्यांपुढे ठोकळे पडताना दिसल्याचे सांगितले. पूर्वी हा खेळ भरपूर खेळलेल्या काहींना तर प्रयोगातील खेळाऐवजी अनेक वर्षांपूर्वी खेळलेल्या जुन्या आवृत्तीतील ठोकळे दिसले.

या प्रयोगाचा विलक्षण भाग पुढेच आहे. सहभागी झालेल्यांपैकी पाच जण स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते. आपण हा खेळ खेळलो आहोत हे त्यांना आठवत नसे. प्रत्येक वेळी खेळ नव्याने समजावून द्यावा लागे. तरीही त्यांच्यापैकी तिघांना झोप लागताना पडणारे ठोकळे दिसले. ते कशाचे आहेत हे त्यांना सांगता येत नव्हते. आठवण नाही, पण सवय आहे. अनुभवाचा मालक हजर नाही, पण अनुभव मात्र आपल्या जागी येऊन बसला आहे. साहित्यात ज्याला 'आत्मनिवेदन' म्हणतात, त्याच्या पायाखालची जमीन येथे थोडी सरकते. ही पूर्ण विकसित स्वप्ने नव्हती, निद्रेच्या उंबरठ्यावरील चित्रे होती, हे भान राखूनही असे म्हणता येते की यंत्राबरोबरचा सराव हा स्मृतीच्या परवानगीवाचून आत उतरतो.

हाच सराव दिवसाही काम करीत असतो. खिशात फोन थरथरल्याचा भास होणे आणि हात घालून पाहावे तर काहीच न आलेले असणे, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक आहे की त्याला भास म्हणण्याचेही कोणास सुचत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांवरील 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 169 पैकी 115 जणांनी, म्हणजे 68 टक्के कर्मचाऱ्यांनी हा अनुभव आल्याचे नोंदवले. मोबाइलसाठी मराठीने 'भ्रमणध्वनी' हा शब्द घडवला. तो निमंत्रणपत्रिका आणि शासकीय अर्ज यांपलीकडे फारसा रुजला नाही. मात्र न वाजलेल्या फोनच्या या आवाजासाठी त्यातील एक अक्षर गाळून 'भ्रमध्वनी' म्हणण्याची सोय त्या शब्दाने नकळत करून ठेवली आहे.

तंत्रज्ञान झिरपते आणि माणूस नुसता भिजत राहतो, असे चित्र काढणे मात्र एकांगी होईल. भारतीय मोबाइलधारकाने 'मिस्ड कॉल' ही इंग्रजीत चुकलेल्या किंवा हुकलेल्या गोष्टीसाठी असलेली संज्ञा उचलली आणि तिचे क्रियापद बदलून टाकले. मराठीत मिस्ड कॉल 'दिला' जातो. पोहोचलो, खाली ये, आता तू फोन कर, असे कितीतरी अर्थ एका न उचललेल्या घंटीत भरून, बोलण्याचे पैसे वाचवून, संवाद साधला गेला. येथे माणूस पुरता कर्ता आहे. दिवसाच्या व्यवहारात यंत्राला वाकवण्याची ही ताकद रात्रीच्या बाबतीत का उणी पडते, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

मनगटावरील घड्याळ आता झोप मोजते. सकाळी किती तास गाढ, किती तास हलकी, किती वेळा जाग आली, याचा तक्ता मिळतो व वर एकंदर गुणही मिळतात. परिणामी 'झोप कशी लागली?' या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी माणूस मनगटाकडे पाहतो. 2017 मध्ये अमेरिकेतील काही निद्रातज्ज्ञांनी अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांना आदर्श झोपेचा आकडा गाठण्याच्या काळजीनेच झोप येईनाशी झाली होती. त्यांनी या अवस्थेला 'ऑर्थोसोम्निया' हे नाव दिले. झोप 'लागण्या'ऐवजी 'मिळवण्या'ची गोष्ट झाली की असे होणारच. यंत्राचा तक्ता एक सांगतो आणि अंगाला दुसरेच वाटते, तेव्हा या रुग्णांचा विश्वास अंगाऐवजी तक्त्यावर बसत होता, ही त्या वर्णनातील सर्वांत बोलकी बाब आहे.

वेंडर्स : स्वप्नांचे व्यसन

विम वेंडर्स यांचा 'अन्टिल द एन्ड ऑफ द वर्ल्ड' 1991 मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील कथा 1999 मध्ये घडते. पृथ्वीभोवती भरकटलेला एक आण्विक उपग्रह कोठे तरी कोसळणार, अशी भीती चित्रपटभर पसरलेली आहे. तो उपग्रह भारतीय आहे, हे येथील प्रेक्षकाने गमतीने नोंदवावे. मूळ प्रदर्शित आवृत्त्या सुमारे अडीच ते तीन तासांच्या होत्या आणि त्यांचे स्वागत थंडच झाले. दिग्दर्शकाची 287 मिनिटांची संपूर्ण आवृत्ती बऱ्याच काळाने सर्वदूर पोहोचली आणि तेव्हा कोठे या कलाकृतीचा खरा आकार लक्षात आला. पूर्वार्ध हा देशोदेशी धावणारा, काहीसा विस्कळीत प्रवासपट आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. महत्त्वाचा आहे तो ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात घडणारा उत्तरार्ध.

हेन्री फार्बर या शास्त्रज्ञाने एक विशेष कॅमेरा तयार केला आहे. तो दृश्याबरोबरच ते दृश्य पाहणाऱ्याच्या मेंदूतील हालचालही टिपतो. या नोंदीच्या आधारे हेन्रीच्या अंध पत्नीला, एडिथला, दूरदेशी असलेल्या आप्तांचे चेहरे 'दाखवायचे' आहेत. मुलगा सॅम याने त्यासाठी जग पालथे घातले आहे. प्रयोग सफल होतो. एडिथला दिसू लागते. पण जे दिसते ते तिने मनाशी जपलेल्या जगापेक्षा उदास निघते आणि ती खचत जाते. तिच्या मृत्यूनंतर हेन्री यंत्राची दिशा उलटी करतो. बाहेरचे दृश्य आत नेणारे यंत्र आता आतले स्वप्न बाहेर आणू लागते. त्याचे स्थानिक आदिवासी सहकारी या टप्प्यावर त्याची साथ सोडतात.

पुढचा भाग आज पाहताना अंगावर काटा येतो. क्लेअर आणि सॅम यांना स्वतःची स्वप्ने हातात मावणाऱ्या छोट्या पडद्यावर पाहावयास मिळतात आणि ती पाहण्याचे त्यांना व्यसन जडते. खाण्यापिण्याची शुद्ध नाही, शेजारी कोण बसले आहे याचे भान नाही, ऊन डोक्यावर आले तर अंगावर पांघरूण ओढून त्या अंधारात पडद्यात डोळे घालून बसायचे. बॅटरी संपते तेव्हा क्लेअर अक्षरशः आकांत करते. हातातील फोनचे आजचे रूप बाजारात येण्यास तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. वेंडर्स यांनी यंत्राचा आकार ओळखला याचे कौतुक समीक्षकांनी पुष्कळ केले आहे. मात्र त्याहून अधिक अचूक ओळखली आहे ती देहाची ठेवण. वाकलेली मान, मिटलेले खांदे, चेहऱ्यावर खालून पडणारा निळसर उजेड आणि बोलावले असता उशिराने येणारी नजर, ही ठेवण आज एस.टी.च्या कोणत्याही गाडीत, रुग्णालयाच्या कोणत्याही बाकावर दिसते.

या व्यसनाचे स्वरूप बारकाईने पाहावयास हवे. क्लेअर दुसऱ्याचे काही पाहत नाही. ती स्वतःचेच बालपण, तेही अस्पष्ट आणि तुटक दाण्यांच्या चित्रांत, पुन्हा पुन्हा पाहते. या प्रतिमा वेंडर्स यांनी टोकियोतील एन.एच.के. संस्थेच्या तेव्हा नव्या असलेल्या उच्च दर्जाच्या व्हिडिओ तंत्राने घडवल्या, आणि अत्याधुनिक यंत्र वापरून मुद्दाम धूसरपणा निर्माण केला. पडलेले स्वप्न एकदाच पडते आणि सकाळी विरते, म्हणून माणूस त्यातून बाहेर येऊ शकतो. पाहता येणारे स्वप्न पुन्हा लावता येते. विरण्याचा हक्क काढून घेतला की स्वप्न व्यसनाची वस्तू बनते, हा या चित्रपटाचा सर्वांत मौलिक विचार होय.

त्यावर चित्रपटाने सुचवलेला उतारा मात्र तितका पटत नाही. क्लेअरवर प्रेम करणारा लेखक युजीन जुन्या टंकलेखन यंत्रावर तिचीच कहाणी लिहून काढतो आणि ती वाचून क्लेअर बरी होते. प्रतिमेचा रोग, शब्दाचे औषध. लेखकाच्या जातीला हा शेवट सुखावणारा असला तरी त्यात दोन गफलती आहेत. शब्दही यंत्रातूनच आला आहे व वाचनाचेही व्यसन लागते, हे इतिहासाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मुक्तामालेसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर नेमका हाच आक्षेप घेतला जात होता. दुसरे असे की, बाईला तिच्या स्वतःच्या प्रतिमांतून सोडवायचे ते पुरुषाने लिहिलेल्या तिच्या कहाणीत बसवून. एका ताब्यातून दुसऱ्या ताब्यात, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. सॅमला आदिवासी वृद्धांची सोबत सावरते, तो भाग अधिक हृद्य आहे. पण त्या समाजाची स्वप्नविषयक दृष्टी काय आहे हे समजून घेण्याइतका वेळ, पावणेपाच तासांच्या आवृत्तीतही, दिग्दर्शकाने काढलेला नाही. त्यांना त्याने पाश्चात्त्यांच्या चुकीपुढे उभा केलेला मूक इशारा एवढीच भूमिका दिली आहे.

कोन : कुलूप नसलेले यंत्र

सातोशी कोन यांचा 'पॅप्रिका' हा यासुताका त्सुत्सुई यांच्या 1993 मधील कादंबरीवर आधारलेला ॲनिमेशनपट. 2010 मध्ये वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी कोन यांचे निधन झाले. 'पॅप्रिका' हा त्यांनी पूर्ण केलेला अखेरचा चित्रपट ठरला. येथे 'डी.सी. मिनी' नावाचे एक यंत्र आहे. ते डोक्याला लावून मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या स्वप्नात प्रवेश करू शकतो. डॉ. आत्सुको चिबा ही शिस्तप्रिय, काहीशी कोरडी संशोधिका. स्वप्नात मात्र ती पॅप्रिका नावाची अवखळ, लाल केसांची मुलगी होऊन रुग्णांना भेटते. यंत्राचे काही नमुने चोरीस जातात आणि कथा सुरू होते.

अनर्थ कशामुळे ओढवतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चोरीस गेलेल्या नमुन्यांवर कोणी वापर करावा आणि कोणी करू नये, याची मर्यादा घालण्याचे काम राहून गेलेले आहे. थोडक्यात, यंत्राला कुलूप बसवलेले नाही. यंत्र बनवणारा तोकिता हा दुष्ट नाही. तो अवाढव्य देहाचा, लहान मुलाच्या मनाचा, जे सुचले ते करून पाहण्यात रमणारा प्रतिभावंत आहे. कुलपाचे काम नंतर करू, एवढाच त्याचा गुन्हा. तंत्रज्ञानाच्या धोक्याची कथा सांगताना पाताळयंत्री शास्त्रज्ञ रंगवण्याचा मोह कोन टाळतात आणि दोष एका कंटाळवाण्या, राहून गेलेल्या कामावर ठेवतात. मागील वीस वर्षांतील डिजिटल व्यवहारांचा अनुभव पाहता हे निदान वेंडर्स यांच्या निदानापेक्षा वास्तवाच्या कितीतरी जवळचे आहे.

मग एका मनोरुग्णाचे स्वप्न इतरांच्या जागेपणात पेरले जाते. संस्थेचा प्रमुख बोलता बोलता असंबद्ध बरळू लागतो आणि खिडकीतून उडी घेतो. पडद्यावर येते ती एक मिरवणूक. फ्रिज, बाहुल्या, वाद्ये वाजवणारे बेडूक, देवळांची तोरणे, मोबाइलची मस्तके असलेली माणसे, असा टाकून दिलेल्या वस्तूंचा तो जल्लोष सुसूमु हिरासावा यांच्या संगीतावर नाचत पुढे सरकतो आणि वाटेत भेटेल त्याला सामील करून घेतो. गणेशोत्सवाची किंवा लग्नाच्या वरातीची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला या मिरवणुकीची ओढ आणि भीती एकाच वेळी कळू शकते : तिला नेता नसतो, तिच्यात सामील होताना कोणी निर्णय घेत नाही, पाय आपोआप ठेका धरतात. स्वप्न येथे पाहिलेही जात नाही. ते स्वप्न न पडलेल्या माणसालाही ओढून नेते.

आणखी एक विरोधाभास कोन यांनी विनाभाष्य मांडला आहे. स्वप्न पवित्र आहे, विज्ञानाने तेथे पाऊल टाकू नये, असे सतत बजावणारे संस्थेचे अध्यक्षच अखेर त्या चोरीमागे असल्याचे उघड होते. स्वप्नांच्या रक्षणाची भाषा करणाऱ्याला स्वप्नांची मालकी हवी आहे. संस्कृतीच्या रक्षणाची भाषा ऐकण्याची सवय असलेल्या कोणत्याही समाजाला याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

परंतु चित्रपटाचे हृदय कोनाकावा या पोलीस अधिकाऱ्याच्या उपकथेत आहे. त्याला एकच स्वप्न वारंवार पडते : सर्कस, मग जंगलातला साहसपट, मग आगगाडीतील झटापट, मग प्रेमकथा आणि शेवटी एक लांब मार्गिका, जिच्यात त्याला गुन्हेगारापर्यंत पोहोचता येत नाही. त्याचे प्रत्येक स्वप्न एखाद्या चित्रपट-प्रकाराचा साचा घेऊन येते, आणि तो मात्र चित्रपट आवडत नसल्याचे सांगत राहतो. तरुणपणी मित्रासोबत चित्रपट बनवायचे आणि ते काम अर्धवट सोडून दिल्याचे शल्य यामागे आहे. श्विट्झगेबेल यांनी ज्याला समजूत म्हटले, तीच येथे व्यथा होऊन येते : स्वप्न चित्रपटासारखे का दिसते, तर न काढलेला चित्रपट आत राहून गेला म्हणून. कोनाकावा पॅप्रिकाला भेटतो ते एका संकेतस्थळावरील मद्यगृहात, आणि तेथे ती त्याला इंटरनेट आणि स्वप्न यांतील साम्य सुचवते; दडपलेले दोन्हीकडे वाट काढते. वेंडर्स प्रतिमेला रोग आणि शब्दाला औषध मानतात. कोन यांनी स्वतःची कला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली आहे आणि बरे होण्याची वाटही तिच्यातूनच काढली आहे. अखेरीस कोनाकावा चित्रपटगृहाच्या खिडकीवर जाऊन एका प्रौढाचे तिकीट मागतो. स्वतःचे स्वप्न एकट्याने पाहण्याऐवजी तो दुसऱ्याचे स्वप्न अनोळखी लोकांत बसून पाहणार आहे. हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा असेल. 287 मिनिटांत वेंडर्स यांना जे साधले नाही, ते त्यात साधले आहे.

संमतीचा प्रश्न

'डी.सी. मिनी' ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तिच्या दिशेने पडलेली पावले मोजता येतात. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतील एका बिअर कंपनीने लोकांना झोपण्यापूर्वी एक चित्रफीत पाहण्याचे आणि रात्रभर तिचा ध्वनी ऐकत झोपण्याचे आवाहन केले. हेतू हा की आपल्या मालाचे स्वप्न पडावे. सहभागी होणाऱ्यांना बिअर सवलतीत मिळणार होती. त्याच वर्षी जूनमध्ये स्टिकगोल्ड आणि दोन सहकाऱ्यांनी या प्रकारावर जाहीर आक्षेप घेतला आणि सुमारे 40 शास्त्रज्ञांनी त्यास पाठिंबा दिला. ज्यांनी झोपेच्या उंबरठ्यावरील ठोकळे प्रथम मोजले, त्यांनाच वीस वर्षांनी तेथे पहारा बसवण्याची मागणी करावी लागली.

भारतात या प्रश्नाला वेगळ्या दारातून तोंड फुटले. 2008 मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत्-संदेशांच्या चाचणीचा अहवाल पुराव्यात विचारात घेतला, तेव्हा जगभरच्या कायदेतज्ज्ञांचे लक्ष महाराष्ट्राकडे वळले. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदू-आलेखन या तिन्ही चाचण्या व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाहीत असा निर्णय दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा त्यामागील एक आधार. मनातील मजकूर हाही एक प्रकारे सांगणेच आहे आणि तो सांगावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे, असा या निर्णयाचा आशय वाचता येतो. हा निर्णय आरोपीला वाचवतो. सवलतीच्या बिअरसाठी आपखुशीने कानाला ध्वनी लावून झोपणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. तेथे संमती आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. झोप मोजणारे घड्याळ कोणी सक्तीने बांधलेले नसते.

तूर्त यंत्राची पोच किती, हेही पाहिले पाहिजे. जपानमधील क्योतो येथे युकियासु कामितानी आणि सहकाऱ्यांनी केलेला आणि 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग 'स्वप्न वाचणारे यंत्र' म्हणून वृत्तपत्रांत गाजला. प्रत्यक्षात त्यात तीन पुरुष सहभागी होते. त्यांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून, डुलकी लागताच जागे करण्यात येई आणि काय दिसले ते विचारले जाई. प्रत्येकाला असे सुमारे दोनशे वेळा उठवले गेले. त्यांनी तोंडाने सांगितलेल्या वर्णनांतून घर, रस्ता, बाई, पुस्तक अशा वर्गांचे शब्द वेचून त्यांची सांगड मेंदूतील हालचालींशी घालण्यात आली. त्यानंतर संगणकाला दोन वर्गांपैकी योग्य वर्ग ओळखावयास सांगितले, तेव्हा त्याचे उत्तर सरासरी सुमारे 60 टक्के वेळा बरोबर आले. डोळे मिटून सांगितले असते तर ते 50 टक्के वेळा आले असते. मधल्या दहा टक्क्यांत जे काही आहे, तेही अर्धवट झोपेतून उठवलेल्या तीन माणसांनी, दर वेळी, काय पडले ते आपल्या शब्दांत सांगितले म्हणून आहे.